एकोणिसावी खुंटी

चिठ्ठीत निघाली एकोणीस.
पुंडलिकने कपाळाला हात लावला, मग तोच हात
केस सारखे करायला वर नेला,
मला वाईट वाटू नये म्हणून.
एकोणीस म्हणजे मानशीपासून लांब,
बांधाला घसरण, समोर तिवरांची गर्दी,
आणि तळाशी कुणीतरी कधी फेकलेली फ्रिजची जाळी,
जिच्यात दरवर्षी एक तरी गळ कायमचा राहतो.

आम्ही चौघं, धावजीचा संघ. पिवळ्या टोप्या
साल्वादोरच्या बायकोने शिवलेल्या, सगळ्या त्याच्याच डोक्याच्या मापाच्या,
म्हणून बाकी तिघांना कानांपर्यंत.
चौथ्या खुंटीवर पुंडलिक, नवव्या साल्वादोर,
चौदाव्या रुक्मांगद, आणि शेवटी मी.
सहाला शिट्टी, अकराला शिट्टी,
मधे ओरडायचं नाही, जागा सोडायची नाही.

सुंगटं सोलली, गळ लपवला, टाकला.
डावीकडे बाणस्तारीचा माणूस: शेवटा.
परत शेवटा. मग एक काळुंदर, तळव्याएवढं.
त्याच्या बादलीत फटफट चाललेली,
माझ्या बादलीत ढग.
संघातली मासेमारी म्हणजे
रिकामं एकट्याने बसायचं
आणि हरायचं चौघांच्या नावावर.

निरोप चहाच्या किटलीबरोबर यायचे.
आग्नेल नावाचा पोरगा, दहा-अकराचा,
खुंटीखुंटीला पेला भरत
पुंडलिकचा शब्द माझ्यापर्यंत आणायचा.
निघाला तेव्हा शब्द होता: भरती फिरली की तळाला लाव.
पंधरा खुंट्या, तितकेच पेले ओलांडून
माझ्याशी पोचला: भारती फिरली की तिला कळव.
माझ्या ओळखीत भारती एकच,
माशेलच्या बँकेत, पासबुकं छापते.
मी अर्धा तास
वरच्याच पाण्यात गळ धरून विचार करत बसलो.

मग तिवरांतून एक ओंडका निघाला
आणि प्रवाहाच्या उलट आला.
"माणगें!" कुणीतरी ओरडलं, नियम गेले.
पौष अवसेला बांधावर चिखलाचं घडवतो आम्ही त्याला,
पाठीला शिंपले टोचून, समोर नारळ ठेवून,
बांध सांभाळ म्हणतो.
हे खरं. याला शिंपले नव्हते,
आणि आमची काही ओळख असल्याचं
त्याने दाखवलं नाही.
एकोणिसाव्या खुंटीसमोर ते हळूच बुडालं,
पाणी पुन्हा नीट अंथरल्यासारखं.

नऊही संघ वर रस्त्यावर. चाळीस मिनिटं.
कुणी पाव काढला, कुणी तिखट मिरचीचं लोणचं.
बाणस्तारीच्या माणसाने मला अर्धा पाव दिला,
त्याचं नाव फ्लावियान, सुतारकाम करतो,
गळाला जळू लावायची आजोबांची सवय होती म्हणाला.
पंच घड्याळ बघत म्हणाले, एकोणीसवाल्याला सूट,
खाली नाही गेलात तरी चालेल. फक्त शून्य लागेल.
"शून्य लागेल" हे त्यांनी
डॉक्टर "थोडं दुखेल" म्हणतात तसं म्हटलं.
पुंडलिक माझ्याकडे बघत नव्हता.
तो लोणच्याच्या बरणीवरचं लेबल वाचत होता, दुसऱ्यांदा.

मी उतरलो. शौर्य वगैरे नाही,
टोपी डोळ्यांवर आली होती, फारसं दिसतच नव्हतं.
आणि तेव्हाच, पाय घसरता घसरता, निरोप कळला.
तळाला लाव.

शिसं वाढवलं. दोरी जाळीच्या कडेने सरकली, थांबली.
एक काळुंदर. आठ मिनिटांनी दुसरं.
जनावराला घाबरून तळाच्या जाळीत दडलेली असणार,
भूक मात्र लागली असणार दोघांनाही.
तिसऱ्या वेळी गळ अडकला आणि राहिला,
यंदाचा गळ तो.

काजू तोलायच्या काट्यावर: तीनशे दहा ग्रॅम.
धावजी पाचवी. नवांत पाचवी,
म्हणजे हात हलवतही घरी जाता येतं
आणि गप्पही.

रात्री नऊच्या सुमाराला कुंभारजुव्याच्या काठी
टोप्या घडी करताना
पाणी उगीच थबकलं, मग दुसरीकडे निघालं.
"भारती फिरली," मी म्हटलं.
अंधारात रुक्मांगद म्हणाला,
"मग कळव ना तिला,"
त्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.